आप्पांची चार नंबरची दोरी

शामराव आप्पांची शोकसभा आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये झाली. कॉलनीचे अध्यक्ष म्हणाले, "आप्पांना मासे मारायचा नाद होता. उतारवयात माणसाला असा काहीतरी विरंगुळा हवाच." समोरच्यांनी माना हलवल्या. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो की आप्पांनी एकही मासा मारलेला नाही, आणि तो विरंगुळाही नव्हता. बायकोनं माझी बाही ओढून मला खाली बसवलं. शोकसभेत दुरुस्त्या सुचवायच्या नसतात, असं ती घरी आल्यावर म्हणाली. असेल. पण माझी सगळी नोकरी वजनमापांच्या सरकारी खात्यात गेली आहे. चुकीचं माप समोर दिसत असताना गप्प बसणं मला जमत नाही. सभेत जे बोलायचं राहिलं ते इथे लिहितो.

आप्पा मूळचे विट्याकडचे. तिकडची निम्मी घरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सराफांकडून जुने दागिने आणायचे, ते वितळवायचे आणि त्यातलं शुद्ध सोनं वेगळं करून द्यायचं. या धंद्यासाठी तिथली माणसं देशभर पसरलेली आहेत. आप्पांचं दुकान कुल्लूला होतं. ऐन जवानीत गेले आणि केस पांढरे झाल्यावर परतले. येताना भांडीकुंडी, गाद्या, कपाट सगळं तिथेच वाटून टाकलं. बरोबर आणल्या त्या दोनच वस्तू, एक सोनं तोलायचा काटा आणि दुसरी मासे धरायची एक बारीक, हलकी काठी. ती काठी त्यांना एका निवृत्त सुभेदारानं दिली होती. त्यानंच त्यांना तिकडच्या थंड नदीत ट्राउट मासे धरायला शिकवलं होतं.

मला ते पहिल्यांदा भेटले ते काट्यामुळं. सांगलीच्या आमच्या कार्यालयात एक उंच, ताठ म्हातारा फडक्यात बांधलेला काटा घेऊन आला आणि म्हणाला, "शिक्का मारा."

मी विचारलं, "दुकान कुठं आहे?"

"बंद केलं."

"मग शिक्क्याची गरज नाही. धंद्यात वापरत असाल तरच लागतो."

"धंदा बंद केलाय साहेब, काटा न्हाई. माणूस रिटायर झाला म्हणून त्यानं खोटं बोलावं व्हय?"

पुढं त्यांनी आमच्या गल्लीतच घर घेतलं आणि दर वर्षी काटा आणत राहिले. काहीही वाद निघाला की त्यांचं एकच म्हणणं असे, "मी काय म्हणतो ते सोडा, काटा काय म्हणतो ते बघू." किराणावाल्याची वेलची त्यांनी तोलली होती. औषधाच्या गोळ्या तोलल्या होत्या. काकूंनी, म्हणजे त्यांच्या इंदूबाईंनी, एकदा वैतागून मला सांगितलं, "आवं, मी चहात साखर किती घातली हे पण त्यास्नी काट्यावर बघायचं असतं. तोंडानं पिऊन सांगा की म्हणावं."

काकूंच्या गळ्यात माळ. त्यामुळं मासा त्या घरात यायचा प्रश्नच नव्हता. आप्पा धरलेला मासा पाण्यातच सोडून द्यायचे. त्यासाठी गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीनं चेपून टाकलेला असे, म्हणजे माशाच्या तोंडातून गळ अलगद सुटतो. गल्लीला हे काही पटायचं नाही. दूधवाला रोज छेडायचा, "आप्पा, खायाचा न्हाई तर धरताय कशाला?"

"तू संक्रांतीला पतंग उडवतोस, तो खातोस व्हय?"

त्यांना धरायची होती ती खडशी. महासीर म्हणतात त्या माशाला आमच्याकडे खडशी म्हणतात. आप्पांचं आजोळ पाटणजवळ कोयनेकाठी. लहानपणी तिथल्या डोहात उन्हाच्या तिरिपेत त्यांनी सोनेरी खवल्यांची खडशी पाहिली होती. कुल्लूला लोक ट्राउटचं कौतुक करू लागले की हे म्हणायचे, "बरा हाय तुमचा ट्राउट. पण आमच्या कोयनेला खडशी हाय." कधीतरी सुभेदारानं विचारलं, तू किती धरल्यास? आप्पांना सांगावं लागलं, एकही नाही. "तवापासनं मनात हाय साहेब," ते मला म्हणाले. "मोठी पाहिजे असं काय न्हाई. वीतभर का असंना. पर ह्याच काठीवर, आपल्या नदीत, एकदा."

आणि नेमके ते गच्चीच्या जिन्यावरून पडले. उजव्या खांद्यातला स्नायू फाटला. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने व्यायाम झाले. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की हात खांद्याच्या वर नेता येईल, पण हातात हलकंच काहीतरी हवं, आणि झटका नको. पुन्हा फाटला तर हात वर जाणार नाही. आप्पांची जुनी दोरी तोवर तडकून गेली होती. नवी घ्यायची होती, आणि ती हलकी हवी होती. इतकी साधी गोष्ट. या साध्या गोष्टीसाठी त्या माणसाला जे सोसावं लागलं ते आठवलं की मला आजही संताप येतो.

आधी दोरीचं सांगतो. साध्या गळाला शिशाचं किंवा आमिषाचं वजन असतं, ते फेकलं की तंगुसाचा दोरा त्याच्यामागून जातो. आप्पांच्या पद्धतीत गळावर पिसांची आणि दोऱ्याची खोटी माशी बांधलेली असते. तिला वजन जवळपास नसतंच, म्हणून ते दोरीला दिलेलं असतं. काठीनं दोरी हवेत मागं-पुढं झुलवायची आणि सोडायची, की ती माशीला घेऊन जाते. दोरीला तिच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून नंबर असतो. नंबर जितका लहान तितकी दोरी हलकी. काठीलाही नंबर असतो आणि दोन्ही जुळावे लागतात. आप्पांची काठी चार नंबरची. चार नंबरच्या दोरीचे तीस फूट पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरायला हवेत, पाच नंबरचे नवाच्या थोडे वर. फरक सव्वा ग्रॅमचा. वाचणाऱ्याला हसू येईल. पण दोरी हवेत वेगानं जात असते आणि दर फेकीला ती खांद्यानंच थांबवायची असते.

पहिलं पार्सल आलं तेव्हा मी तिथेच होतो. डब्यावर ठळक अक्षरांत चार. आप्पांनी दोरी ओसरीत पसरली, टेपनं तीस फूट मोजले, तिथे दोऱ्याची खूण बांधली. तेवढ्या भागाचं वेटोळं पारड्यात ठेवलं आणि बाकीची दोरी पारड्याच्या उंचीवर हातात धरली. आकडा स्थिर झाला, सव्वानऊ.

"पाचाच्या बी वर," आप्पा म्हणाले आणि त्यांनी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. पलीकडं कुणीतरी गोड आवाजाचा तरुण होता.

"सर, आजकाल सगळ्यांच्याच थोड्या जड असतात."

"मग पाच लिवा की."

"सर, लोकांच्या काठ्या चारच्या असतात. पाच लिहिलं तर घेणार कोण?"

"म्हंजे आमी चार मागायची, तुमी पाच द्यायची, आन् आमाला कळू द्यायचं न्हाई."

"तसं नाही सर. नवशिक्यांना जड दोरी फेकायला सोपी जाते."

"मी नवशिका न्हाई बाळा. मी खांदा फाटलेला म्हातारा हाय."

त्यांनी दोरी परत पाठवली. दुसऱ्या दुकानातून मागवली, तीही नऊच्या पुढे. मग डबा घेऊन माझ्याकडं आले. "हे तुमच्या खात्याचं काम हाय. पकडा ह्यास्नी."

मी डबा उलटसुलट करून वाचला. लांबी लिहिली होती, ती बरोबर होती. नंबर होता, पण वजन म्हणून ग्रॅममध्ये काहीच छापलेलं नव्हतं. कायद्यानं मला त्यात हात घालायला जागा नव्हती. तसं मी त्यांना सांगितलं.

"म्हंजे कायद्यानं खरं हाय."

"खोटं म्हणता येत नाही."

"आन् काट्यानं खोटं हाय."

"हो."

त्यांनी डबा शांतपणे पिशवीत घातला. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. भाजीवालीच्या वजनात दहा ग्रॅम कमी निघाले तर तिला दंड करायला मी मोकळा होतो. पण इथे एका मापाला जगभर ठरलेला अर्थ आहे, तो अर्थ विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत आहे, आणि तरी आकडा सर्रास खोटा छापला जातो. वर ते गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी म्हणून सांगितलं जातं. एखाद्यानं जड दोरी मागितली तर त्याला द्या. त्याला चारच्या नावानं पाच देऊ नका, एवढंच म्हणणं होतं.

मी सुचवलं, "आप्पा, यांची चार जर पाच भरते, तर यांची तीन मागवा. ती चार भरेल."

ते माझ्याकडं असं बघत राहिले की मी जणू त्यांना सोन्यात तांबं घालायला सांगितलं होतं. "काटा मारणाऱ्याकडं जाऊन सांगू व्हय, की तुजं चालू दे, मीच हिशेबानं मागतो? तुमी वजनमापाचं साहेब, आन् तुमी हे सांगताय."

त्यांचं बरोबर होतं.

मग त्यांनी एक उद्योग केला. तो फक्त गलाईवालाच करू जाणे. पुढं आलेली दोरी दोन्ही टोकांना निमुळती होती, मधला भाग जाड. तीही जड भरली. आप्पांनी विचार केला, जास्तीचं आहे ना, मग कापून टाकू. सोन्याची पट्टी जड भरली की तिचा तुकडा छाटायचा, आयुष्यभर हेच केलेलं. त्यांनी पुढच्या टोकाचे चार फूट कात्रीनं कापले, पुन्हा तीस फूट मोजले आणि पारड्यात ठेवले. वजन वाढलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. काटा फडक्यात, चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा.

"बिघडला साहेब," ते म्हणाले. "कापतोय तसा जास्त दाखवतोय."

मी प्रमाण वजनं लावली. काटा चोख होता. मग त्यांनी काय केलं ते विचारलं, आणि त्यांचं सांगणं संपायच्या आधीच आमच्या दोघांच्याही लक्षात आलं. दोरी म्हणजे सोन्याची पट्टी नव्हे. पुढचे चार फूट बारीक होते, ते गेले. तीस फूट भरायला मागून जे चार फूट आत आले ते जाड होते. मोजायचं तीसच फूट, मग कापावं तितकी ती जडच होणार.

आप्पा बाकावर बसले. बराच वेळ काट्याचं फडकं चुरगाळत होते. "आयुष्यात पहिल्यांदा," ते म्हणाले, "काट्यावर आळ घेतला मी. ह्या चोरांच्या पायी." चूक त्यांची स्वतःची होती, तरी राग पुन्हा दुकानदारांवरच गेला, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. दारापर्यंत जाऊन ते वळले आणि जरा सावरल्या आवाजात म्हणाले, "दुसरं टोक हाय म्हणा अजून. उलटी गुंडाळली की झालं."

ती जड दोरी उलटी गुंडाळून ते कृष्णेच्या काठावर हात बसवायला जाऊ लागले. चार दिवसांत खांदा सुजला. सकाळी चहाची कपबशी त्यांना डाव्या हातानं उचलावी लागली. काकूंनी ते पाहिलं आणि त्यांचा बांध फुटला. माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, "लोक खोटं लिवत्यात म्हणून तुमी सवताचा हात मोडून घेणार. त्यांचं काय जातंय? हात कुणाचा जातोय?"

"प्रश्न हाताचा न्हाई."

"हाताचाच हाय. मासा दुकानदाराला धरायचा न्हाई, तुमाला धरायचाय."

माझी तीन नंबरची सूचना काकूंच्या कानावर गेली होती. त्यांनी आप्पांना न विचारता मोबाईलवरून तीन नंबरची दोरी मागवली. मागवताना फोनवर त्यांनी दुकानदाराला विचारलं, तीन म्हंजे बारीकच न्हवं? पार्सल आलं तेव्हा त्यांनीच ते फोडलं आणि पारड्यासमोर ठेवलं. आप्पांनी मुकाट्यानं तीस फूट मोजले. भरलं पावणेआठ. खरी चार.

काकूंना वाटलं आता हसतील. ते म्हणाले, "खोट्या आकड्याच्या डब्यातनं खरं वजन आलं. ह्यात मी काय आनंद करू?" पण त्यांनी जुनी दोरी काठीच्या रिळावरून काढून नवी चढवली. त्या दिवसापासून खांद्यावर बर्फ ठेवावा लागला नाही. मी स्वतः पाहिलं. आधीच्या दोरीनं हात खेचला जायचा, ही नुसती हातामागून जायची.

कृष्णेवर मात्र पुढं जाता आलं नाही. एका सकाळी घाटाशी पाणी काळं, मळीच्या वासाचं, आणि पायऱ्यांना लागून मेलेल्या माशांचा थर. वरच्या बाजूला कुणीतरी रात्रीतून काहीतरी सोडलं होतं. पंचनामा झाला, बाटल्यांत पाणी भरून नेलं. पुढं काय झालं ते मला कळलेलं नाही, आणि कळायला मी कमी अर्ज केले नाहीत. आप्पा पायरीवर उभे राहून इतकंच म्हणाले, "चला, कोयनेला जाऊ. तिकडं तरी नदी असंल."

तिथल्या मच्छीमार सोसायटीचा परवाना त्यांनी रीतसर काढला. मी रजा टाकली आणि आम्ही माझ्या गाडीनं पाटणवरून कोयनानगरच्या वळणावळणाच्या रस्त्याला लागलो. त्यांच्या आजोळच्या शिवारात नदी वळते तिथे एक डोह आहे. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे धोंडे दिसत होते. आप्पा गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी दोरी झुलवायला सुरुवात केली. मला त्यातलं कळत नाही, पण ती दोरी पाण्यावर पडताना एक तरंगसुद्धा उठत नव्हता. त्यांनी मला खुणेनं दाखवलं. डोहाच्या पलीकडच्या अंगाला, झाडाच्या सावलीत, हातभर लांब काहीतरी सोनेरी हलत होतं.

तेवढ्यात वरच्या अंगाला स्फोट झाला. पाणी माणूसभर उंच उडालं, कानात दडे बसले. जिलेटिनची कांडी. मग पाण्यावर पांढरी पोटं वर येऊ लागली. एक, दोन, मग मोजता येणार नाहीत इतकी. पलीकडच्या झाडीतून तिघंजण पोती घेऊन उतरले.

त्यातला एक ओरडला, "आजोबा, बाजूला व्हा. आमचा मासा हाय."

"तुमचा कसा?"

"आमी कांडी टाकली."

"नदीत टाकली न्हवं? मग नदीचा हाय."

ते हसले आणि पाण्यात आले. मी आप्पांना हाक मारली, म्हटलं, बाहेर या, यांच्या नादी लागू नका. त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी दोरी उचलली, मागं झुलवली आणि पुढं सोडली. ती डोहावरून सरळ गेली आणि पुढच्या माणसाच्या छातीसमोरून सूं करत परत आली.

"टोकाला गळ हाय," आप्पा म्हणाले. "डोळ्याला लागला तर मग म्हणू नका सांगितलं न्हाई."

तो मागं सरला. दुसऱ्यानं बाजूनं यायचं पाहिलं, दोरी त्याच्या कानाजवळून गेली. तिसरा काठावरच थांबला. "म्हाताऱ्याला यड लागलंय," तो म्हणाला. "थांबा गड्यांनो. किती येळ फिरवंल? दमंल की."

मलाही तीच भीती होती. ती सव्वानऊ ग्रॅमची दोरी असती तर एव्हाना हात खाली आला असता. माझं लक्ष त्यांच्या खांद्यावर होतं. तो वर जात होता, खाली येत होता, आणि आप्पांचा चेहरा रागानं लाल असला तरी हाताला कसलीच घाई नव्हती.

स्फोट वरच्या अंगाला झाला होता, त्यामुळं खालच्या अंगाचे मासे सगळे मेले नव्हते, काही नुसते गुंगले होते. एक छोटा मासा कुशीवर वळला, धडपडला आणि बुडाला. मग दुसरा. वरून वाहत आलेले मात्र तसेच उताणे तरंगत होते, ते उठणार नव्हते. आणि दोरीच्या बरोबर खाली, आप्पांपासून तीन-चार हातांवर, ती खडशी आडवी पडली होती. खवले रुपयाएवढे. कल्ला उघडत होता, मिटत होता. त्यांनी नुसतं वाकून दोन पावलं टाकली असती तरी ती त्यांच्या हातात आली असती. त्यांचे डोळे त्या तिघांवरून हलले नाहीत.

मी काठावरून बघत होतो. खडशीनं शेपटी एकदा हलवली, पुन्हा हलवली, सरळ झाली आणि धोंड्यांच्या सावलीत खाली निघून गेली.

"आप्पा, खडशी गेली," मी ओरडलो. "जिवंत गेली. आता बाहेर या."

"आन् बाकीची?"

"काही हलतायत. बरीच अजून तशीच आहेत."

"मग बसा तुमी त्या धोंड्यावर," आप्पा मागं न बघता म्हणाले, आणि त्यांचा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला.